शब्दांचं पॉप आर्ट: फ्रेम केलेली प्रिंट निवडताना, घेताना आणि लावताना

फुलांचं किंवा डोंगराचं चित्र भिंतीवर लावलं, की काही महिन्यांनी नजर त्याच्यावरून सरकून जाते. शब्दाचं तसं होत नाही. अक्षर दिसलं की ते वाचलं जातंच, वाचता येणाऱ्या माणसाला ते टाळता येत नाही. सकाळी चहा घेताना, फोनवर बोलताना, रात्री दिवा मालवताना तोच शब्द मनात उमटणार. म्हणून शब्दांच्या पॉप आर्टची, म्हणजे पाट्या-जाहिरातींसारखी अक्षरंच जिथे चित्र बनतात अशा कलेची, प्रिंट घेताना दोन गोष्टी मी सगळ्यांत वर ठेवतो: शब्द कोणता, आणि त्याच्या अक्षरांची कड कशी आहे. कागद, शाई, फ्रेम, काच हे सगळं ती कड सांभाळण्यासाठी असतं.

आधी शब्द ठरवा

स्क्रीनवर आवडलेला शब्द घरात आवडेलच असं नाही. माझी एक साधी चाचणी आहे. तो शब्द साध्या कागदावर जाड ठशात, साधारण हव्या त्या आकारात छापायचा. चार-सहा कागद जोडावे लागले तर जोडायचे. मग ठरलेल्या भिंतीवर कागदी टेपनं चिकटवून दोन आठवडे विसरून जायचं. दोन आठवड्यांनी तो काढून टाकावासा वाटला, तर सुंदर छपाई आणि महागडी फ्रेम त्याला वाचवू शकणार नाही. काढल्यावर भिंत ओकीबोकी वाटली, तर तो शब्द तुमचा.

या चाचणीत एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवली आहे. आज्ञा करणारे शब्द लवकर जुने होतात. ‘हसा’, ‘स्वप्न पाहा’, ‘थांबू नका’ असं रोज सांगणारी भिंत तिसऱ्या आठवड्यात कानात बडबडायला लागते. ज्या शब्दाला स्वतःचा नाद आहे, ज्याचे दोन अर्थ निघतात किंवा ज्याला धड अर्थच नाही, तो जास्त टिकतो. एड रुशे या अमेरिकन चित्रकाराचं ‘ऊफ’ हे 1962 सालचं चित्र बघा. निळ्या पार्श्वभूमीवर तीन जाड पिवळी इंग्रजी अक्षरं, बाकी काही नाही. पोटात गुद्दा बसल्यावर तोंडातून निघतो तसा तो आवाज. कधी तो दुखण्याचा वाटतो, कधी आश्चर्याचा. आज ते चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे आणि अजून ताजं वाटतं, कारण ते कोणाला काही शिकवत नाही.

लांब वाक्य घेणार असाल तर जागेचा विचार करा. बार्बरा क्रूगर या अमेरिकन कलाकाराची लाल-काळ्या-पांढऱ्यातली वाक्यं बघणाऱ्याशी वाद घालतात. असा वाद जेवणाच्या टेबलाजवळ किंवा कामाच्या खोलीत रंगतो. झोपायच्या खोलीत तो नको होतो.

शब्द रोमन सोडून दुसऱ्या लिपीत असेल तर आणखी एक तपासणी हवीच. फाइल बनवणाऱ्याला ती लिपी येत नसेल, तर सॉफ्टवेअर अक्षरं मोडतं: वेलांटी भलत्याच बाजूला जाते, जोडाक्षर सुटून मधे हलन्त उभा राहतो, उर्दूची जोडलेली अक्षरं सुटी होऊन उलट्या क्रमानं बसतात. नमुन्याचं चित्र ती लिपी रोज वाचणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

कड एवढी महत्त्वाची का

याचं उत्तर ही चित्रं कुठून आली त्यात आहे. 1960च्या दशकात अक्षरांना चित्र बनवणारे बरेच कलाकार पाट्या, जाहिराती, कॉमिक्स, डब्यांवरची लेबलं यांच्या जगातून आले होते. रुशे यांनी जाहिरात संस्थेत मांडणीचं काम केलं होतं. अँडी वॉरहॉल जाहिरातींसाठी चित्रं काढत. रॉबर्ट इंडियाना यांना न्यूयॉर्कच्या बंदराजवळच्या जुन्या वखारींच्या वस्तीत पितळी स्टेन्सिल, म्हणजे अक्षरं कापून काढलेले साचे सापडले, मालाच्या पेट्यांवर नावं उमटवायचे. त्यांतूनच त्यांची अक्षरं घडली. स्टेन्सिलच्या अक्षराला सावली नसते, कुंचल्याचा फराटा नसतो. रंग एका रेषेपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो.

इंडियाना यांचं ‘लव्ह’ तर सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. दोन इंग्रजी अक्षरं वर, दोन खाली, आणि तो कललेला ‘ओ’. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं 1965 साली नाताळच्या शुभेच्छापत्रासाठी ते मागवलं. 1973 साली ते अमेरिकेच्या आठ सेंटच्या टपाल तिकिटावर आलं. त्यात लाल अक्षरं निळ्या-हिरव्या रंगाला थेट भिडतात, मधे काळी रेषा नाही. त्या सीमेवर डोळ्याला एक थरथर जाणवते. छपाईत ती कड अर्धा मिलिमीटर जरी धूसर झाली, तरी थरथर संपते आणि उरतात चार लाल अक्षरं.

म्हणून प्रिंट कोणाची आहे, किती जुनी आहे, किती नावाजलेली आहे हे विचारण्याआधी मी तिच्या कडेकडे बघतो.

तुम्हाला नेमकं काय विकलं जातंय

‘फाइन आर्ट प्रिंट’ या नावाखाली बाजारात फार वेगवेगळ्या वस्तू येतात. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: ही कोणत्या पद्धतीनं छापली आहे?

स्क्रीनप्रिंट ही या कलेची घरची पद्धत. जाळीवर स्टेन्सिल बसवून त्यातून शाई रबरी पट्टीनं कागदावर ओढतात. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी, वेगळा हात. शाईचा थर जाड, सपाट आणि एकसंध बसतो. कोरिटा केंट या लॉस एंजेलिसमधल्या कॉलेजात कला शिकवणाऱ्या ख्रिस्ती जोगिणीनं जाहिरातींतले शब्द उचलून याच पद्धतीनं शेकडो प्रिंट्स काढल्या. 1968 साली त्यांनी धर्मसंघ सोडला, स्क्रीन सोडली नाही. रुशे यांनी तर 1970 साली लंडनमध्ये छापलेल्या एका संचात शाईच्या जागी चॉकलेट सिरप, कॅव्हिअर, एवढंच काय गाडीचं वंगणसुद्धा जाळीतून कागदावर उतरवलं.

जिक्ले म्हणजे उच्च दर्जाची इंकजेट छपाई. फ्रेंचमधल्या ‘फवारणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून छपाईतज्ज्ञ जॅक डुगान यांनी 1991 साली हे नाव पाडलं. पिगमेंट शाई, चांगला कागद आणि नीट बनवलेली फाइल असेल तर जिक्ले उत्तम वस्तू आहे. पण नावाला कसलंही कायदेशीर बंधन नाही, त्यामुळे साध्या प्रिंटरवरच्या छपाईलाही लोक जिक्ले म्हणून मोकळे होतात. शाई पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेली) आहे की डाय (विरघळलेल्या रंगाची), हे लेखी विचारा. डायचे रंग पहिल्या दिवशी फार झळाळतात, पण ते सहसा पिगमेंटच्या निम्मंही टिकत नाहीत.

लिथोग्राफही, म्हणजे दगडावर किंवा पत्र्यावर काढलेल्या चित्रावरून छापलेली प्रिंटही भेटते, शब्दचित्रांत जरा कमी. आणि मग ऑफसेट पोस्टर, मासिकं-पुस्तकं छापतात त्या यंत्री पद्धतीचं. संग्रहालयांच्या प्रदर्शनांची जुनी पोस्टरं मला स्वतःला फार आवडतात, ती जरूर घ्यावीत. फक्त पोस्टर म्हणून घ्यावीत. कागद पातळ, शाई हलकी, आणि ती हजारोंनी छापलेली असतात. तेच पोस्टर चांगल्या फ्रेममध्ये बसवून ‘फाइन आर्ट प्रिंट’ म्हणून समोर आलं, तर भिंग काढायची वेळ झाली असं समजा.

भिंगाखाली

दहा पट मोठं दाखवणारं भिंग चष्म्याच्या किंवा शिक्क्यांच्या दुकानात मिळतं, खिशात मावतं. ते अक्षराच्या कडेवर ठेवा. मधे ठेवू नका, कारण सगळं कडेला कळतं.

ऑफसेट असेल तर आतापर्यंत सलग वाटणारा नारिंगी रंग फुटतो. पिवळे, गुलाबी, निळसर ठिपके लहानशा फुलांच्या आकारात मांडलेले दिसतात, अगदी नियमित. अक्षराच्या कडेला हे ठिपके अर्धवट कापले गेलेले असतात, म्हणून कड करवतीसारखी दिसते. इंकजेटमध्ये ठिपके असतात पण शिस्त नसते, बारीक फवारा मारल्यासारखे ते विखुरलेले असतात. चांगल्या जिक्लेत ते इतके बारीक की भिंगातही रंग जवळजवळ सलग वाटतो. वाईट जिक्लेत कडेबाहेर पांढऱ्या कागदावर दोन-चार चुकार थेंब पडलेले असतात.

स्क्रीनप्रिंट भिंगाखाली बघणं हा वेगळाच आनंद. ठिपका नाही. एकच गडद रंग, आणि तो जिथे संपतो तिथे शाईचा बारीकसा उंचवटा. प्रिंट तिरकी धरून खिडकीकडे फिरवली, की तो उंचवटा एका रेघेसारखा चमकतो. दोन रंग भेटतात तिथे कधी कधी केसाएवढी तिसऱ्या रंगाची रेघ दिसते. फट राहू नये म्हणून एका रंगावर दुसरा मुद्दाम थोडा चढवलेला असतो. ती हाताच्या कामाची खूण, दोष नाही. सगळीकडे एकाच बाजूला पांढरी फट दिसत असेल, तर मात्र जाळी सरकली होती.

एका परिचितांकडे स्क्रीनप्रिंट म्हणून घेतलेली एक प्रिंट होती. लांबून अतिशय सुरेख. भिंग लावलं, तर शाईच्या उंचवट्याची जी बारीक सावली असायला हवी, तीसुद्धा छापलेली निघाली, ठिपक्यांनी. म्हणजे कोणीतरी खऱ्या स्क्रीनप्रिंटचा फोटो काढून तो इंकजेटवर छापला होता. तिरकी धरली तर कागद सपाट. पाच सेकंदांचं काम होतं, घेताना कोणी केलं नाही.

लांबून ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडून अक्षराच्या एका कोपऱ्याचा, अगदी जवळून, तिरक्या उजेडात काढलेला फोटो मागवा. ज्याच्याकडे खरी वस्तू आहे तो हौसेनं पाठवतो.

फाइल आणि आकार

जिक्ले तुमच्या मागणीनुसार छापून मिळणार असेल, तर फाइलचा प्रश्न येतो. निसर्गचित्राला थोडी धूसर फाइल चालून जाते, अक्षरांना चालत नाही. 60 × 90 सेंटिमीटरची प्रिंट इंचाला 300 पिक्सेलनं छापायची तर फाइल साधारण 7,087 × 10,630 पिक्सेलची हवी. 200 पिक्सेलवरही बरी दिसते, त्याखाली गेलात की तिरक्या आणि गोल कडा पायऱ्या दाखवू लागतात. लहान फाइल ताणून मोठी केलेली असेल तर आकडा पुरा भरतो, पण कड लोण्यासारखी होते. जेपेग फार दाबलेला असेल तर अक्षराभोवती मळकट धुरळा दिसतो. सपाट रंगांच्या आणि स्वच्छ कडांच्या कामासाठी व्हेक्टर फाइल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणितानं साठवलेली, सगळ्यांत उत्तम, तिला कितीही मोठं करा.

आकार ठरवताना भिंत मोजण्याआधी बसायची जागा मोजा. पाट्यांच्या धंद्यात एक जुना हिशेब आहे: दहा फुटांवरून आरामात वाचण्यासाठी अक्षर एक इंच उंच. पण तो नुसतं वाचण्यापुरता झाला. चित्र म्हणून अक्षर अंगावर यायला हवं असेल तर त्याच्या कितीतरी पट घ्या. सोफ्यावर लावायची असेल तर फ्रेमसकट रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास ठेवा. संशय असेल तर मोठी घ्या. या प्रकारच्या चित्रांत भित्रा आकार सगळ्यांत जास्त खुपतो.

कागदाबद्दल थोडक्यात: शंभर टक्के सुती, आम्लमुक्त, 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा. फार पांढराशुभ्र कागद असेल तर त्यात उजळपणा आणणारी रसायनं असण्याची शक्यता मोठी. काही वर्षांत ती दमतात आणि पांढरा पिवळसर होतो. काळ्या अक्षरांभोवतीचा पांढरा हाच चित्राचा अर्धा भाग असल्यानं हे इथे जास्त जाणवतं.

लाल रंगाची गोष्ट

माझी पहिली शब्दप्रिंट लाल होती. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, दुपारचं ऊन तिरपं यायचं तिथे, मी मोठ्या प्रेमानं ती लावली. रंग बदलतोय हे कधी कळलंच नाही, कारण रोज बघणाऱ्याला ते कळत नाही. पाच वर्षांनी काच बदलण्यासाठी फ्रेम उघडली. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या बोर्डाच्या चौकटीच्या, खाली झाकलेली बोटभर पट्टी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होती आणि बाकी सगळं अक्षर विटकरी झालेलं. मधे पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ. ती रेघ बघितल्यावर मला प्रकाशाचं गणित वाचावंसं वाटलं.

कागदावरच्या नाजूक कामांना संग्रहालयं साधारण 50 लक्स (लक्स हे उजेडाचं माप) एवढाच प्रकाश देतात, म्हणजे खोली आपल्याला मिणमिणती वाटेल इतका. थेट ऊन हजारो, लाखभर लक्सपर्यंत जातं. अतिनील किरण अडवणारी काच मदत करते, पण दिसणारा प्रकाशही रंग खातो, ती काच म्हणजे कवच नव्हे. तेव्हा ऊन पडणारी भिंत सोडा, हा पहिला आणि फुकटचा उपाय. चित्रावर दिवा लावायचा असेल तर एलईडी घ्या, त्याचा रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप), 90च्या वर असू द्या आणि गरज नसेल तेव्हा तो बंद ठेवा.

फ्लुरोसंट रंगांबद्दल वेगळं सांगायला हवं. भडक गुलाबी, लिंबू-पिवळा, पेटता नारिंगी हे रंग मूळ स्क्रीनप्रिंट्समध्ये खऱ्या फ्लुरोसंट शाईनं येतात. त्या सगळ्यांत आधी फिक्या पडतात. आणि नेहमीच्या इंकजेटच्या शायांतून तो पेटतेपणा उतरतच नाही. स्क्रीनवर दिसणारा झगमगता गुलाबी कागदावर आला की विझतो. हे विक्रेता आपणहून सांगत नाही, तुम्हीच विचारा आणि लहानसा छापील नमुना मागवा. नमुना दिवसाच्या उजेडात आणि घरातल्या दिव्याखाली असा दोन्हीकडे बघा. काही शाया एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात वेगळ्या दिसतात.

सही, क्रमांक, हक्क

मर्यादित आवृत्तीच्या प्रिंटवर खाली पेन्सिलीनं 12/75 असं लिहिलेलं असतं: पंचाहत्तर प्रतींपैकी बारावी. आजच्या छपाईत बाराव्या आणि सत्तराव्या प्रतीत दर्जाचा फरक नसतो, लहान क्रमांकासाठी जास्त मोजू नका. ‘ए. पी.’ म्हणजे कलाकाराच्या स्वतःच्या प्रती, त्या आवृत्तीच्या बाहेरच्या असतात, ‘पी. पी.’ छापणाऱ्याच्या. एकूण किती ए. पी. काढल्या तेही विचारा. सही भिंगाखाली बघा. पेन्सिल कागदावर ग्राफाइटची चमक आणि हलका दाब सोडते, छापलेली सही ठिपके सोडते. ‘प्लेटवर सही’ असं लिहिलेलं असेल तर ती छापलेलीच.

प्रमाणपत्रात कलाकाराचं नाव, शीर्षक, साल, छपाईची पद्धत, कागद, चित्राचं आणि कागदाचं माप, आवृत्तीची संख्या आणि प्रकाशक किंवा छापखाना एवढं तरी हवं. नुसतं सोनेरी कडेचं ‘अस्सल’ म्हणणारं कार्ड म्हणजे पुरावा नव्हे. जुन्या प्रिंटच्या बाबतीत आधीच्या खरेदीची पावती अशा कार्डापेक्षा जास्त बोलते.

शब्दचित्रांत नकला फार, आणि त्याचं कारण ‘लव्ह’च्याच इतिहासात आहे. इंडियाना यांनी सुरुवातीला त्या रचनेचा कॉपीराइट घेतला नव्हता, त्यामुळे ती कपांवर, चाव्यांवर, पोस्टरांवर कोणीही छापत गेलं आणि कलाकाराच्या हाती फारसं काही आलं नाही. एकटा शब्द कोणाच्या मालकीचा नसतो, पण त्याची रचना असू शकते. एखाद्या जिवंत कलाकाराचं किंवा त्याच्या वारसांच्या ताब्यातलं काम असेल, तर छापण्याची परवानगी कोणी दिली हे विचारा. ‘अमुक यांच्या शैलीत’, ‘अमुक यांच्यावरून’ असं लिहिलेलं असेल तर ते त्या कलाकाराचं काम नाही, सजावटीचं आहे. सजावटीसाठी घ्या, किंमत सजावटीची द्या.

माझं मत विचाराल तर मोठ्या नावाच्या संशयास्पद प्रिंटपेक्षा आज काम करणाऱ्या, अजून नाव न झालेल्या चित्रकाराची सही असलेली स्क्रीनप्रिंट घ्या. पैसे त्याच्या हातात जातात, आणि प्रश्न विचारले तर उत्तर द्यायला तो समोर असतो.

फ्रेम

इथे सगळ्यांत जास्त नुकसान होतं, तेही सद्भावनेनं. एकदा मी एक सही केलेली प्रिंट फ्रेमसाठी दिली. परत आली तेव्हा तयार फ्रेमच्या मापात बसावी म्हणून खालची पांढरी कड कापलेली होती, आवृत्तीच्या क्रमांकासकट. फ्रेम सुबक होती. तो क्रमांक आता कुठेही नाही. तेव्हापासून कागद हातात देताना मी चार वाक्यं लिहूनच देतो: कागद कापू नका, चिकटवून टाकू नका, टेप लावू नका, काचेला टेकवू नका.

चौथ्या वाक्यापासून सुरुवात करू. काच आणि कागद यांच्यात हवेची फट हवी. दमट दिवसांत काचेच्या आतून ओल धरते, आणि स्क्रीनप्रिंटच्या जाड शाईची काचेशी गाठ पडली की ती तिथेच चिकटते. सोडवताना अक्षराचा तुकडा काचेवर राहतो. ही फट दोन रीतींनी मिळते. एक म्हणजे माउंट: चित्राभोवतीचा खिडकी कापलेला जाड बोर्ड. नेहमीचा सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा असतो, दुप्पट जाडीचा घेतला तर फारच देखणा दिसतो. बोर्ड आम्लमुक्त असावा, सुती असेल तर उत्तम. साध्या बोर्डाच्या कापलेल्या कडेतून काही वर्षांत कागदावर तपकिरी रेघ उतरते. दुसरी रीत म्हणजे फ्रेमच्या आत काचेखाली बारीक पट्ट्या लावून कागद तरंगता ठेवणं. रंग थेट कागदाच्या कडेपर्यंत गेला असेल किंवा कागदाची कड हातानं फाडल्यासारखी असेल, तर तरंगतीच बसवा, कारण माउंट अक्षराचा भाग गिळेल. माउंट लावणार असाल तर खिडकी चित्रापेक्षा थोडी मोठी कापून घ्या, सही आणि क्रमांक दिसतील इतकी.

कागद पाठीमागच्या बोर्डाला फक्त वरच्या बाजूनं, जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या खळीनं टांगतात. हवामानाप्रमाणे कागद श्वास घेतो, फुगतो, आकसतो; चारी बाजूंनी डकवला तर लाटा पडतात. गरम दाबानं सपाट चिकटवणं पोस्टरला चालेल, सही केलेल्या प्रिंटला कधीच नाही.

काच की ॲक्रिलिक? 60 × 90 सेंटिमीटरला तीन मिलिमीटरची काच चार किलोंच्या आसपास भरते, तेवढंच ॲक्रिलिक दोन किलोंच्या आत. मोठ्या फ्रेमला, लहान मुलं असलेल्या घरात आणि कुरिअरनं येणाऱ्या मालाला ॲक्रिलिक बरं. ते काचेसारखं फुटत नाही, पण ओरखडे चटकन धरतं, आणि अमोनिया असलेल्या काच-पुसणीनं धुरकटतं. चकाकी न देणाऱ्या काचेवर खर्च करायला मी नेहमी सांगतो. काळ्या किंवा गडद सपाट रंगावर साधी काच आरसा होते, मग शब्दाऐवजी समोरची खिडकी आणि स्वतःचं डोकं दिसत राहतं. मात्र दाणेदार ‘मॅट’ काच टाळा. ती चकाकी मोडते ती कड पुसून, आणि कडेसाठीच तर आपण एवढा खटाटोप केला.

फ्रेमची पट्टी साधी: बारीक काळी, पांढरी, कच्चं लाकूड किंवा ॲल्युमिनियम. कोरीवकाम असलेली सोनेरी फ्रेम शब्दाशी भांडते. फ्रेम पुरेशी खोल आहे ना बघा, काच, फट, माउंट, कागद, बोर्ड एवढं सगळं आत बसायचं असतं. चारही कोपऱ्यांवर बोट फिरवा; सांधा नखाला लागला तर परत पाठवा.

मागवताना आणि लावताना

फ्रेमसकट मागवत असाल तर पाठीमागचा फोटो मागा. समोरून सगळ्या फ्रेमा सारख्या दिसतात, मागून कारागीर दिसतो. बोर्ड, सांधे, कडा बंद केल्या आहेत का, अडकवायच्या कड्या स्क्रूनं लावल्या आहेत का. परत करण्याची मुदत आणि परतीचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. पार्सल आलं की उघडण्याआधी खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढा, मग उघडताना व्हिडिओ. कोपरा ठेचला असेल तर त्याच दिवशी कळवा.

लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर येऊ द्या. सोफ्यावर असेल तर फ्रेमचा तळ आणि पाठ यांत वीतभर अंतर पुरतं. एका तारेवर टांगलेली फ्रेम दाराच्या धक्क्यानं कलते. निसर्गचित्र जरा कललेलं चालून जातं, सरळ अक्षरांची ओळ कलली की खोलीत शिरताक्षणी टोचते. म्हणून दोन कड्या, दोन स्क्रू, आणि पाणसळ लावून. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या गोळ्या लावा, भिंतीची ओल आणि फ्रेमची पाठ यांच्यात हवा खेळते. स्वयंपाकघर, न्हाणीघराची भिंत आणि बाहेरून पाऊस झेलणारी भिंत टाळा.

पाठीमागे आम्लमुक्त पाकिटात प्रमाणपत्राची प्रत ठेवा (मूळ नको) आणि फ्रेम कोणत्या महिन्यात, कोणत्या बोर्डानं केली ते पेन्सिलीनं लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांनी एखाद्या कोरड्या दिवशी ती उतरवून मागून उघडा. कागदाला लाट आली आहे का, काचेच्या आतून धुकट डाग आहेत का, किडा शिरला आहे का, ते बघा. मग माउंट अलगद उचलून झाकलेली पट्टी आणि उघडा रंग शेजारी शेजारी ताडून पाहा. फरक अगदी पुसट असतानाच दिसला तर भिंत बदला.